शिकारी राजाने राखलेले रान

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतले की पन्नास टक्के आरक्षणाचा हुकूम, वसतिगृहांची मालिका, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वेदोक्ताचा वाद आणि खासबागेतील कुस्तीचे मैदान डोळ्यांसमोर उभे राहते. याच राजाच्या आयुष्याचा मोठा भाग घोड्याच्या पाठीवर, माळरानावर आणि सह्याद्रीच्या दाट जंगलात गेला, ही गोष्ट चरित्रग्रंथांत असूनही जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत सहसा येत नाही. काळविटामागे चित्ता सोडणारा आणि भाला घेऊन रानडुकरामागे घोडा फेकणारा हा राजा पट्टीचा शिकारी होता. त्याने शिकारीसाठी राखलेले रान पुढे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य झाले. शिकारीवर जगणाऱ्या आणि त्यामुळेच गुन्हेगार ठरलेल्या पारध्यांना त्याने आपल्या दाराशी वस्तीला आणले. आणि याच शिकारीने ऐन तारुण्यातला त्याचा मुलगा हिरावून नेला. शाहू महाराजांचे जीवन या बाजूने पाहिले तर सुधारक राजाची ओळख पुसट होत नाही, उलट ती अधिक ठळक होते.

कागल ते धारवाड

२६ जून १८७४ रोजी कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे पुढे कोल्हापूर संस्थानचे रीजंट झाले. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असतानाच त्या निवर्तल्या. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत करुण अंत झाला. त्यानंतर राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. त्या वेळी त्यांचे वय दहा वर्षांचेही नव्हते. दोनच वर्षांनी वडीलही गेले.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आले. १८९० पासून धारवाड येथे स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. पुस्तकी विद्येबरोबर राज्यकारभार, दौरे, घोडदौड आणि निशाणबाजी हाही त्या काळच्या राजकुमारांच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. राजकोटला आणि धारवाडला त्यांच्यासोबत भावनगरचे भावसिंहजी होते. दोघांचा स्नेह आयुष्यभर टिकला. भावनगर आणि कोल्हापूर ही दोन संस्थाने पुढे चित्त्याच्या शिकारीसाठी साऱ्या हिंदुस्थानात नावाजली गेली, त्यामागे ही मैत्रीही होती.

२ एप्रिल १८९४ रोजी विसाव्या वर्षी महाराजांनी राज्यसूत्रे हाती घेतली. धिप्पाड देह, अफाट ताकद, कुस्तीची आवड आणि जनावरांची उत्तम पारख यांमुळे दरबारी गादीपेक्षा त्यांना मोकळे रान अधिक मानवले. घोडी जुंपलेल्या खडखड्यातून ते स्वतः लगाम हाती धरून हिंडत. अशा भटकंतीत वाटेवरच्या शेतकऱ्याशी, मेंढपाळाशी, महारवाड्यातल्या माणसाशी थेट बोलणे होई. कारकुनाच्या अहवालात न उतरणारी राज्याची हकिकत त्यांना अशी कळत गेली. राज्यारोहणानंतर दोन-तीन वर्षांतच दुष्काळ आणि प्लेग या दोन्ही संकटांनी संस्थानाला घेरले. त्या वेळी स्वस्त धान्याची दुकाने आणि गुरांच्या छावण्या उघडून महाराज स्वतः गावोगाव फिरले. त्यामागे मुलुखाशी झालेली ही पायाखालची ओळख होती.

काळवीट आणि चित्ता

कोल्हापूर संस्थानाची भूमी दोन स्वभावांची होती. पश्चिमेला भुदरगड, राधानगरी, पन्हाळा या बाजूला सह्याद्रीचा मुसळधार पावसाचा, घनदाट झाडीचा प्रदेश. पूर्वेला शिरोळकडचा आणि आज कर्नाटकात असलेल्या रायबागकडचा सपाट, उघडा माळ. मराठीत सरसकट हरीण म्हणून ओळखले जाणारे प्राणी या दोन भूमींत वेगवेगळे असतात. डोंगरातल्या झाडीत सांबर, भेकर आणि सशाएवढे पिसोरी. माळावर काळवीट आणि चिंकारा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने सांबराची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, म्हणून ते खरे हरीण. काळविटाची पिळदार शिंगे आयुष्यभर टिकतात, म्हणून ते कुरंगवर्गातले. शिकाऱ्याला हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नसे. झाडीतल्या सांबरासाठी हाकारा आणि बंदूक, माळावरच्या काळविटासाठी चित्ता, अशी विभागणी रूढ होती.

चित्त्याकरवी काळविटाची शिकार हा हिंदुस्थानातील फार जुना खेळ. अकबराच्या पदरी शेकडो चित्ते होते. कोल्हापुरात महाराजांनी तो मोठ्या हौसेने वाढवला. चित्त्यांसाठी स्वतंत्र चित्तेखाना होता आणि त्यांची देखभाल करणारे पिढीजात चित्तेवान होते. शिकारीच्या दिवशी चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला गाडीवर बसवले जाई. बैलगाडीला बुजत नसल्यामुळे काळविटांचा कळप ती बराच जवळ येऊ देई. अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढून साखळी सोडली जाई. चित्ता क्षणभर कळप न्याहाळी आणि बहुधा काळाभोर नर हेरून झेपावे.

यानंतरचा सारा खेळ मिनिटाच्या आतला. जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी असला तरी चित्त्याचा दम चारपाचशे मीटरच टिकतो. तेवढ्यात काळवीट हाती लागले नाही तर तो धाप लागून बसतो आणि काळवीट निसटते. लागले तर पंजाच्या फटक्याने ते कोलमडते आणि चित्ता त्याचा गळा धरून ठेवतो. चित्तेवान धावत पोहोचून जनावराचा गळा चिरी, त्याचे रक्त लाकडी पळीत धरून चित्त्याच्या तोंडाशी नेई आणि तो ते चाटत असताना डोळ्यांवर पुन्हा टोपी चढवी. चित्त्याची शिकार त्याच्याकडून काढून घेण्याचे हे कसब होते. त्यात जरा चूक झाली तर जनावर बिथरण्याची भीती असे.

या राजेशाही खेळाची एक काळी बाजू होती. पाळीव अवस्थेत चित्त्यांची वीण जवळजवळ होत नसे. मोगल दरबारच्या नोंदींत अशा पिल्लांचा उल्लेख जहांगीराच्या काळात एकदाच सापडतो. शिवाय पिल्लू पकडून उपयोग नसे, कारण शिकार करण्याची विद्या त्याला आईकडूनच मिळते. म्हणून शिकारीचा प्रत्येक चित्ता वयात आलेला आणि रानातूनच धरलेला असावा लागे. शतकानुशतके चाललेल्या या उपशाला माळराने नांगराखाली जाण्याची आणि काळविटे घटण्याची जोड मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी चित्ता इतका दुर्मीळ झाला की भावनगर आणि कोल्हापूर या दोन्ही संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. महाराजांच्या पश्चात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही कोल्हापूरच्या माळावर हे आफ्रिकी चित्ते काळविटामागे धावत होते.

राखलेले रान

पश्चिमेकडे, भोगावतीच्या उगमाकडील दाजीपूरचे जंगल हे छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. संस्थानी राज्यात रान राखणे याचा अर्थ स्पष्ट असे. तेथे दरबारच्या परवानगीवाचून बार काढायचा नाही, मनास येईल तशी झाडे तोडायची नाहीत आणि चराईवर दरबारचा अंकुश राहायचा. हेतू अर्थातच राजाच्या शिकारीचा होता. वन्यजीव संरक्षण हा शब्दही तेव्हा वापरात नव्हता. परंतु परिणाम असा झाला की आजूबाजूच्या डोंगरांवर कुऱ्हाड चालत असताना दाजीपूरच्या झाडीत गवे, सांबरे, भेकरे, अस्वले आणि शेकरू यांना आसरा उरला.

या रानाशी महाराजांचे नाते केवळ शिकारीपुरते राहिले नाही. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. युरोपच्या या दौऱ्यानंतर पाणी अडवण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. शिकारीनिमित्त पायाखाली घातलेल्या भोगावतीच्या खोऱ्यात त्यांनी धरणाची योजना आखली. फेजिवडे येथे धरणाचे काम सुरू झाले. शेजारी वसलेल्या नव्या पेठेला कन्या राधाबाईंचे नाव मिळून राधानगरी हे गाव उभे राहिले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. लहानशा संस्थानाला हा खर्च न पेलणारा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस काम थांबवावे लागले आणि धरण पूर्ण होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. जलाशयातील बेटावर महाराजांनी बांधलेला बेनझीर व्हिला पाणी ओसरले की आजही नजरेस पडतो.

पन्हाळ्याच्या परिसरात त्यांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. डोंगराळ जमिनीतून जंगल न मोडता काय पिकवता येईल, पावसाचे पाणी कोठे अडवता येईल, कोणत्या जातीचे जनावर कोणत्या मुलुखात तगते, अशा प्रश्नांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी रानात मुरलेल्या माणसाची होती.

या व्यवस्थेचा भार मात्र प्रजेच्या खांद्यावर असे, हेही नोंदवले पाहिजे. राखीव रानातील जनावरे लगतच्या शेतात शिरत, आणि त्यांना मारण्याची मुभा कुणब्याला नसे. संस्थानी हिंदुस्थानात हाकाऱ्याला माणसे लागत ती बहुधा वेठीने धरलेली असत आणि त्यांत महारांचा भरणा अधिक असे. राजाच्या करमणुकीसाठी गरिबाचा दिवस बुडे. महाराजांनी पुढे महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या आणि वेठबिगारीला कायद्याने बंदी घातली. तेव्हा आपल्याच आवडत्या खेळाला फुकट राबणारे हात पुरवणारी रीत ते मोडून काढत होते.

पारध्यांशी जडलेले नाते

राजा हौसेने शिकार करी आणि पारधी पोटासाठी. राजाची शिकार पराक्रम ठरे, पारध्याची चोरी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सोय करून ठेवली होती. कायद्याच्या कक्षेत आलेल्या जमातींतील माणसांना दररोज गावच्या चावडीवर किंवा पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून गाव सोडणे गुन्हा ठरे. ज्याचे पोट भटकण्यावर चालते, त्याला हजेरी लावणे म्हणजे उपाशी ठेवणेच होते.

पारध्यांच्या पोटजातींची नावेच त्यांच्या कसबाची साक्ष देतात. दोरीचे, तातीचे फास लावून हरणे आणि तितर धरणारे ते फासेपारधी. शिकवलेल्या गायबैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायपारधी. चित्ते पकडून शिकवणारे ते चित्तेपारधी. चित्ता ज्या ठरावीक झाडाखाली वारंवार येतो, बुंध्यावर नखे घासतो, ते झाड हेरून त्याभोवती हरणाच्या स्नायूंच्या ताती मांडायच्या, ही विद्या त्यांच्याच घरी होती. ज्यांच्या कौशल्यावर राजेरजवाड्यांचे चित्तेखाने भरले, त्याच समाजाच्या माणसांना गावात पाऊल ठेवताच चोर म्हणून हाकलले जाई.

रानात हिंडणाऱ्या राजाची या माणसांशी गाठ पडणे अपरिहार्य होते. महाराजांनी त्यांच्यातले कसब ओळखले. रात्रीबेरात्री जागणारा, पावलाच्या खुणेवरून माणूस ओळखणारा, जिवाला न भिणारा माणूस चोर होऊ शकतो तसाच उत्तम राखणदारही होऊ शकतो, असा व्यवहारी विचार त्यांनी केला. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सोनतळी येथे महाराजांचा तळ असे. तेथे त्यांनी फासेपारध्यांना झोपड्या बांधून दिल्या, पहाऱ्याचे काम दिले आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली. छत्रपतींच्या निवासाचा पहारा पारध्यांच्या हाती, हे दृश्य त्या काळच्या दरबारी मंडळींना धक्कादायक वाटले असल्यास नवल नाही.

असाच प्रयोग त्यांनी अस्पृश्य समाजाबाबत केला. हत्तींचे माहूत, गाडीवान, पहारेकरी अशा जागांवर अस्पृश्यांच्या नेमणुका झाल्या. शिकारीच्या मुक्कामावर सोवळ्याओवळ्याला थारा नसे. दरबारात जी शिवाशिव मोडण्यास वर्षे लागली असती, ती रानातल्या चुलीपाशी आधी मोडली.

१९१८ चे वर्ष

महाराजांना दोन पुत्र होते. थोरले राजाराम आणि धाकटे शिवाजी. प्रिन्स शिवाजी या नावाने ओळखले जाणारे धाकटे युवराज १८९९ मध्ये जन्मलेले, थोरल्या भावाबरोबर इंग्लंडमध्येही शिकून आलेले. वडिलांचा घोड्याचा आणि शिकारीचा नाद त्यांच्यातही पुरेपूर उतरला होता. ६ जून १९१७ रोजी त्यांचा विवाह सासवडच्या जगताप घराण्यातील मुलीशी झाला. सासरी तिचे नाव इंदुमतीदेवी ठेवण्यात आले. विवाहाच्या वेळी तिचे वय जेमतेम दहा-अकरा वर्षांचे होते.

लग्नाला वर्ष उलटून आठवडाही झाला नव्हता. १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून कोसळून युवराजांचा मृत्यू झाला. भाल्याने डुकराची शिकार हा प्रकार विलक्षण धोक्याचा. खाचखळग्यांच्या जमिनीवर घोडा पूर्ण वेगात सोडायचा, नजर घोड्यावर न ठेवता डुकरावर ठेवायची आणि वाट घोड्याच्या पायांवर सोपवायची. घोडा अडखळला की स्वाराला सावरण्यास वेळ मिळत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा असा गेला आणि अकरा वर्षांची सून विधवा झाली.

ज्या खेळात बाप रमला, त्याच खेळाने मुलाचा घात केला. या आघातातून महाराज पूर्णपणे कधी सावरले नाहीत. प्रकृती आधीच मधुमेहाने पोखरली होती, ती अधिकच ढासळली. तरीही त्याच १९१८ सालातील त्यांच्या कामाची नोंद पाहिली की थक्क व्हायला होते. महार, मांग, रामोशी, बेरड आदी जातींवरील हजेरीची सक्ती त्यांनी याच वर्षी उठवली. महार वतनांचा प्रश्न याच वर्षी निकाली काढला. आदल्या वर्षी जाहीर केलेल्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाची अंमलबजावणी याच काळात सुरू होती. घरात सुतक असतानाही फायली पुढे सरकत होत्या.

सोनतळीवरची शाळा

बालविधवा सुनेचे काय करायचे, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याही मराठा सरदार घराण्यात पडलाच नसता. पडदा, अलवण आणि देवघर हे उत्तर ठरलेले होते. पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा महाराजांनी १९१७ मध्येच केला होता. आता प्रश्न स्वतःच्या घरात उभा राहिला. महाराजांनी इंदुमतीदेवींना शिकवण्याचा निर्णय घेतला. राजवाड्यातून विरोध झाला. तेव्हा त्यांनी सुनेला राजवाड्याच्या वातावरणापासून दूर सोनतळीच्या बंगल्यावर ठेवले, शिक्षक नेमले आणि तिच्यासोबत शिकण्यासाठी निरनिराळ्या जातींच्या मुली आणल्या.

पारध्यांचा पहारा असलेल्या त्याच माळावर छत्रपतींची सून अक्षरे गिरवू लागली. तिने वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर व्हावे आणि त्यासाठी दिल्लीला जावे, अशी महाराजांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. महाराजांच्या निधनानंतर परिस्थिती बदलली. मात्र १९२५ मध्ये इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोनतळी ही तशी छोटी जागा. किल्ला नाही, महाल नाही. पण शिकारीच्या वाटेवरच्या या मुक्कामाचा महाराजांनी जो उपयोग केला, तो मोठमोठ्या राजवाड्यांना साधला नाही. जमीन किती आहे यापेक्षा तिच्यावर कोणाला राहू द्यायचे, हे ठरवण्याला त्यांच्या लेखी अधिक मोल होते.

शिकारीतून परिषदेला

पुत्रशोकानंतरही महाराजांची शिकार पूर्णपणे सुटली नाही. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करणारे तरुण डॉ. भीमराव आंबेडकर होते. महाराज त्या दिवसांत शिकारीवर होते. ती सोडून ते मुद्दाम परिषदेला आले आणि अस्पृश्यांना त्यांचा पुढारी लाभल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील या निर्णायक सभेला छत्रपती थेट रानातून आले, ही गोष्ट त्यांच्या एकूण जीवनक्रमाला साजेशीच होती. रान आणि राज्य यांत त्यांनी कधी कुंपण घातले नाही. आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी अर्पण केली होती.

६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या मागे गादीवर आलेले राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

शिकारखान्यापासून अभयारण्यापर्यंत

संस्थाने गेली तेव्हा देशभरातील अनेक राखीव शिकाररानांची दैना झाली. राजाचा धाक संपला आणि सरकारचा बसला नव्हता, अशा मधल्या काळात बंदुका आणि कुऱ्हाडी दोन्ही मोकाट सुटल्या. दाजीपूरचे नशीब थोर. १९५८ मध्ये हे रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राधानगरीचा समावेश आहे.

चित्त्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. १९४७ च्या सुमारास मध्य भारतातील कोरिया संस्थानात तीन नर चित्ते मारले गेले. देशातील रानटी चित्त्याची ही अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. योगायोग असा, की त्याच १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द होऊन पारध्यांसह अनेक जमाती विमुक्त झाल्या. चित्ता गेला आणि चित्ता पकडणाऱ्याच्या कपाळावरचा शिक्का कागदोपत्री पुसला गेला, हे एकाच वर्षात घडले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणणाऱ्या देशाने संवर्धनासाठी पुन्हा आफ्रिकेकडेच हात पसरावा, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले. काळविटाला या कायद्यात सर्वोच्च संरक्षण मिळाले. त्याचबरोबर पारध्याचे फास कायमचे बेकायदा ठरले. राजांच्या वंशजांना उपजीविकेची अन्य साधने होती, पारध्यांना ती उभी करून देण्याचे काम अपुरे राहिले. सोनतळीवर शंभर वर्षांपूर्वी जे सुचले, ते पुरेशा प्रमाणात पुढे गेले नाही. कायदा बदलला तरी पालावर रात्री पडणारी पोलिसांची थाप आणि गावाची संशयी नजर बदलण्यास फार वेळ लागत आहे.

माळरानाचा प्रश्नही तसाच अपुरा सुटला. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी राखलेले अभयारण्य अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. एखाद्या गावाच्या शिवाराहूनही लहान. तरीही तेवढ्या जागेने काळविटाला हात दिला. छोटेसे रान, नीट राखलेले गवत आणि शिकारीपासून अभय एवढ्यावर हा प्राणी पुन्हा उभा राहतो, हे रेहेकुरीने सिद्ध केले. कळप वाढला की तो कुंपण मानत नाही, हेही तितकेच खरे. हिंगोली, परभणी, नांदेड या मराठवाड्यातील जिल्ह्यांत मुळात राखीव माळ नगण्य. तेथे हरणे, रोही आणि रानडुकरे हरभरा, सोयाबीन, तुरीच्या कोवळ्या पिकावर उतरतात. शेतकरी रात्रभर मचाणावर बसून, डबे वाजवून राखण करतो. नुकसानीचे पंचनामे होतात, भरपाईची वाट पाहिली जाते. गुरचरण आणि पडीक माळ नांगराखाली गेल्यावर जनावराने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर पंचनाम्यात नसते.

शाहू महाराजांच्या काळाचे मोजमाप आजच्या कायद्याने करता येणार नाही. त्यांनी काळविटे मारली, चित्ते पाळले, हाकारे घातले, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या छंदाची किंमतही त्यांनी मोजली. परंतु शिकारीच्या वाटेवर भेटलेल्या माणसाला त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. रान राखायचे तर रानाच्या काठावरचा माणूस आधी जगला पाहिजे, हे सूत्र त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही. सोनतळीच्या झोपड्या बांधताना ते त्यांनी आचरणात आणले. दाजीपूरच्या दाट झाडीत आजही गव्यांचे कळप फिरतात, तेव्हा त्यांच्या वारशाचा अर्धा भाग शाबूत असल्याची खात्री पटते. उरलेला अर्धा भाग पारध्यांच्या पालांत आणि मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत अद्याप शिल्लक आहे.